हेडरवरचा अंगठा

तापलेल्या पोलादावर खोबरेल तेल जळताना जो वास सुटतो, तो स्वयंपाकघरातला वाटत नाही आणि न्हाणीघरातलाही वाटत नाही. त्या दोहोंच्या मधल्या कुठल्यातरी जागेतून तो येतो आणि ओळख पटेपर्यंत नाकाशी घुटमळत राहतो. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, दसऱ्याच्या दिवशी पाचच्या सुमाराला, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावी आमच्या गराजमध्ये तो वास भरून राहिला, तेव्हा बाहेरचं ऊन पिवळं होऊन कलंडलं होतं, ड्राइव्हवेवर पाइनच्या वाळल्या सुया सांडल्या होत्या, आणि माझी मुलगी रेवा आपल्या जुन्या ट्रकच्या उघड्या बॉनेटखाली ओणवी होऊन, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, हे तू केलंयस ना?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

रेवा चोवीस वर्षांची आहे, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ती त्याच ट्रकमधून मोंटानाला निघणार होती. तिथल्या डोंगरी भागात हिवाळाभर रस्त्यांवरचं बर्फ सारणाऱ्या अवजड गाड्या असतात. त्या दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळेत तिला नोकरी लागली होती आणि गुरुवारी सकाळी सात वाजता तिथे हजर व्हायचं होतं. मध्ये चार दिवसांचा रस्ता. ट्रक तिच्याहून चार वर्षांनी मोठा, मूळचा रंग हिरवा असावा असा संशय घ्यायला जागा असलेला. आणि इंजिन गार असताना सुरू केलं की त्याच्या डाव्या कुशीतून टिक्, टिक्, टिक् असा आवाज येई, भिंतीवरचं घड्याळ एकाएकी घाईला आल्यासारखा. तो आवाज म्हणजे धूर गळत असल्याची खूण. इंजिनातला जळका धूर ज्या बिडाच्या नळकांड्यातून बाहेर पडतो त्याला चीर गेली होती, आणि तिच्यातून निसटलेला धूर हळूच केबिनमध्ये शिरू शकतो. त्यातल्या विषारी वायूला ना रंग ना वास. लांबच्या प्रवासात काचा मिटलेल्या असल्या की माणसाला गुंगी येते, आणि मग... यापुढचं वाक्य रेवाने मला कधीच पूर्ण करू दिलं नाही. "म्हणून तर बदलतेय ना, बाबा," ती म्हणायची. शनिवारी संध्याकाळपर्यंत ते काम झालं नाही तर तिला निघता येणार नव्हतं. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि चिवड्याचे डबे भरत बसलेल्या तिच्या आईला, वृंदालाही माहीत होतं.

बिडाच्या त्या नळकांड्यांच्या जागी ती जे बसवणार होती त्याला हेडर म्हणतात. इंजिनाच्या एकेका बाजूला चार सिलिंडर. जुन्या व्यवस्थेत त्या चौघांचा धूर एकाच आखूड, अंधाऱ्या पोकळीत कोंडतो आणि एकाचा उच्छ्वास दुसऱ्याच्या तोंडावर येतो. हेडरमध्ये मात्र प्रत्येकाला त्याची स्वतंत्र, लांब, वळणदार नळी मिळते, आणि पुरेसं अंतर ज्याने त्याने एकट्याने कापल्यावरच त्या चार नळ्या एकत्र येतात. हे तिने मला जेवणाच्या टेबलावर चार बोटं पसरून समजावलं होतं. मी मान डोलावत होतो. आमच्या घरातही गेली काही वर्षं काहीसं तसंच चाललं होतं, त्याच टेबलावर माझा उसासा तिच्या ताटात पडायचा आणि तिचा वृंदाच्या. पण ते मी बोललो नाही. तेवढी अक्कल एव्हाना आली आहे.

आता एक कबुली देऊन टाकतो. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. उष्मागतिकी या विषयात मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते, आणि इंजिनाच्या चार टप्प्यांची आकृती मी आजही डोळे मिटून काढून दाखवीन. पण पदवीच्या चार वर्षांत मी स्वतःच्या हाताने एकही बोल्ट सोडवलेला नाही. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा एक तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचा 'जॉब' असे. तो आम्ही सगळेच तिथल्या मदतनिसाला गोडीगुलाबीने पटवून करून घ्यायचो आणि वर फक्त आपापला रोल नंबर ठोकायचो. त्यानंतर कॉलेजातून थेट सॉफ्टवेअर, मग व्हिसा, मग हा देश, आणि अठ्ठावीस वर्षं कीबोर्ड. रेवा सात-आठ वर्षांची असताना आमची गाडी एकदा भर रस्त्यात बंद पडली होती, तेव्हा तिने मागच्या सीटवरून अत्यंत निरागसपणे विचारलं होतं, "बाबा, यू आर अ मेकॅनिकल इंजिनिअर, राइट?" मी हसलो आणि टो करणाऱ्याला फोन लावला. पुढे जीवशास्त्राची दोन वर्षं करून, सगळं व्यवस्थित चाललेलं असताना, तिने कॉलेज सोडलं आणि डिझेल इंजिनांच्या दुरुस्तीचा कोर्स धरला, त्याची मुळं त्या रस्त्यावर आहेत की काय, असं मला अधूनमधून वाटतं.

आणि दुसरी कबुली पहिलीपेक्षा वाईट. मंडळाच्या गणपतीत, दिवाळीत, कुणीतरी काका-काकू विचारतातच, "रेवा काय करते सध्या?" आपल्या लोकांत हा प्रश्न नमस्काराच्या पाठोपाठ येतो. मी सांगायचो, "ऑटोमोटिव्ह सेक्टरमध्ये आहे." वाक्यात असत्य काही नाही, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत, गळ्यात ओळखपत्र वगैरे उभं राहतं. एकदा रेवा माझ्या मागेच वाढपाची थाळी घेऊन उभी होती. घरी येताना गाडीत ती आपली नखं पाहत होती, कितीही घासली तरी कडेला काळी राहणारी. मला त्या दिवसाची शरम वाटते. तेव्हाही वाटली होती, पण मी रेडिओ लावला.

माझे वडील सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात फिटर होते. गळीत हंगाम दसऱ्यानंतर सुरू व्हायचा, म्हणून खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, त्यांची अवजारं घरी यायची: पाने, पकडी, हातोडे, छिन्न्या. एरवी काळ्या ग्रीसमध्ये माखलेली ती मंडळी त्या दिवशी घासूनपुसून पाटावर बसत. मग वडील देवघरातल्या खोबरेलाची वाटी घेऊन अंगठ्याने एकेकीला तेल लावत, हळदकुंकू वाहत, आणि दिवसभर त्यांना हात लावायचा नाही असा दंडक असे. मी जवळ सरकलो की म्हणत, "अवजारं माझी, पाटी तुझी. तू तिकडे बस." मग मी तिकडे, पाटीवर काढलेल्या सरस्वतीपुढे बसायचो. त्यांच्या हातांना आयुष्यभर जे चिकटलं ते माझ्या हातांना चिकटू नये, एवढाच त्यांचा मतलब होता, आणि तो साधला. माझे हात स्वच्छ आहेत.

शुक्रवारी खंडेनवमी होती. दुपारी रेवा नवे बोल्ट आणायला बाहेर पडली आणि मी गराजमध्ये एकटाच राहिलो. सकाळपासून मी तिथे लुडबुड करत होतो: हे इकडे ठेव, ते तिकडे ठेव, टॉर्च धर, टॉर्च चुकीच्या ठिकाणी धर. उघड्या दारातून वाळल्या पानांचा कोरडा, गोडसर वास येत होता. उद्याचा एक दिवस. परवा या जागी फरशीवरचा तेलाचा डाग तेवढा उरणार. मला काहीतरी करायचं होतं, आणि जे करता येण्यासारखं होतं ते एकच होतं. मी पाट आणला. त्यावर तिचे पाने ओळीने मांडले. खोक्यातून नवे हेडर काढले. काय सुंदर वस्तू हो ती, आरशासारख्या लखलखीत पोलादाच्या चार नळ्या एकमेकींना वळसे घालत येऊन एका गळ्यात मिळालेल्या; तसे दोन. मागच्या अंगणात रेडबडचं झाड आहे. आपट्याच्याच गोतावळ्यातलं, म्हणून इकडची मराठी माणसं दसऱ्याला त्याचीच पानं सोनं म्हणून वाटतात. ऑक्टोबरात ती खरोखर पिवळीधमक होतात. ती तोडून आणली. आणि देवघरातल्या खोबरेलाची वाटी घेऊन, आयुष्यात पहिल्यांदाच, मी अवजारांना तेल लावलं. प्रत्येक पान्याला लावलं, आणि मग हेडरच्या आठही नळ्यांना, वरून, खालून, वळणांच्या आतून, अंगठ्याने सावकाश. लेकीला सुखरूप पोचव, असं म्हणालो असेन. इतक्या वर्षांत कुठल्या देवाला काही मागितलं नव्हतं, त्यामुळे भाषा जमली नसेल.

रेवा परतली ती दारातच थांबली. पाटाकडे पाहिलं, हळदकुंकवाकडे पाहिलं, मग चप्पल काढून आत आली आणि हात जोडले. डोळे मिटून चांगली मिनिटभर उभी राहिली. माझा जीव भांड्यात पडला. मग तिने खोक्याच्या तळाशी राहिलेला एक छापील कागद काढून माझ्या हातात दिला. सूचनापत्र होतं ते. ऑफिसात मी गेली अठ्ठावीस वर्षं लोकांना 'आधी डॉक्युमेंट वाचा' असं ओरडून सांगत आलो आहे. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की या नळ्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये. तेलाचा वा घामाचा अंश राहिल्यास पहिल्या तापण्यात तो धातूत कायमचा भाजला जातो.

"सॉरी," मी म्हणालो.

"इट्स ओके. पुसून होईल." तिने हातमोजे चढवले, स्पिरिटची बाटली घेतली आणि पाटाशीच मांडी घालून बसली. तासभर ती एकेक नळी पुसत होती आणि मी समोर स्टुलावर बसून ते पाहत होतो. रागावली असती तर बरं झालं असतं. मी एक फडकं उचललं तर म्हणाली, "बाबा, प्लीज. तू नको." त्यात तुटकपणा काही नव्हता. चहाच्या उकळत्या भांड्यापासून लहान मुलाला बाजूला करताना आपण जसं बोलतो तसंच ती बोलली.

शनिवारी सकाळी खरं काम सुरू झालं. जुनी नळकांडी सोळा बोल्टांनी इंजिनाला जखडलेली, आणि ते बोल्ट जवळजवळ तीन दशकं तापून, निवून, गंजून इंजिनाशी एकजीव झालेले. रेवाने आधीच्या तीन दिवसांत त्यांच्यावर रोज गंज सोडवणारं तेल सोडलं होतं. तिची पद्धत मला पाहून पाहून पाठ झाली: पाना लावायचा, जरासा सैल दिशेला, मग पुन्हा घट्ट दिशेला, पुन्हा सैल, असं चुचकारत, धातूने हो म्हणेपर्यंत थांबायचं. जोर करायचा नाही. इतकी सबुरी या मुलीत कुठून आली कोण जाणे. आमच्या दोघांच्या घराण्यांत तरी कुणात नाही. पंधरा बोल्ट निघाले. साडेअकरा वाजले होते आणि घरातून वेलदोड्याचा वास येत होता. सोळावा, अगदी मागचा, जिथे हात जेमतेम शिरतो तिथला, तिने पाऊण तास चुचकारला. मग टच् असा एक बारीकसा आवाज झाला आणि पाना एकदम हलका होऊन फिरला. बोल्टचं डोकं तुटून हातात आलं होतं. त्याचं धड आत इंजिनात अडकून राहिलं, नखभर बाहेर डोकावत.

त्या क्षणी मला आनंद झाला. लपवून काय उपयोग. दुसरा शब्द नाही त्याला. काळजी नंतर आली, सहानुभूती नंतर आली. सर्वांत आधी पोटातून वर आला तो निव्वळ आनंद, की आता ही उद्या जाऊ शकणार नाही. उद्या नाही, परवाही नाही. ती नोकरी कदाचित जाईल. मग इथेच जवळपास काहीतरी बघेल. रविवारी दुपारी गराजमधून तिच्या पान्यांचा खणखणाट ऐकू येत राहील. मी हातात टॉर्च धरून उभा होतो आणि हे सगळं माझ्या मनात, एखाद्या अधाशाने ताट वाढून घ्यावं तसं, भराभर वाढलं जात होतं.

मग मी तिच्याकडे पाहिलं. ती ट्रकच्या चाकाला पाठ लावून फरशीवर बसली होती. बोटाच्या पेरावर सालटं निघून रक्त आलं होतं आणि ते तिला कळलंही नव्हतं. "आय कान्ट लीव्ह लाइक धिस," ती म्हणाली, मग मराठीत, "बाबा, आता काय करू मी?" आणि ओठ तसेच मुडपले जसे पाच वर्षांची असताना मुडपायची. माझ्या लेकीने मला कित्येक वर्षांनी 'काय करू' असं विचारलं होतं. मी काय केलं असेल? पोलाद आणि बीड यांच्या प्रसरणगुणांकातला फरक समजावून सांगू लागलो. आकड्यांसकट. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "बाबा, प्लीज, दोन मिनिटं." मघाच्या आनंदाची आता शिसारी येत होती. बापाने लेकीच्या वाटेतल्या मोडक्या बोल्टवर खूश व्हावं, म्हणजे काय म्हणायचं याला.

बऱ्याच वेळाने मला वडिलांची एक युक्ती आठवली. अडकलेल्या लोखंडाला धग देऊन मेणबत्ती टेकवायची, म्हणजे पातळ झालेलं मेण आट्यांच्या आत ओढलं जातं आणि वंगण होतं. मी काहीशा अभिमानाने ते सांगितलं. रेवाने तिच्या अवजारांच्या पेटीचा खालचा कप्पा ओढून दाखवला. त्यात मेणबत्तीचं अर्धं कांडं होतं, वापरून वापरून काळं झालेलं. "एव्हरीबडी डझ दॅट, बाबा," ती म्हणाली आणि सकाळपासून पहिल्यांदाच हसली.

उपाय तिलाच माहीत होता. बसून रडायला तिला फक्त दोन मिनिटं हवी होती. कामावरून मागून आणलेलं छोटं वेल्डिंग मशीन तिने पुढे ओढलं, ट्रकची बॅटरी सोडवून ठेवली. बाहेर डोकावणाऱ्या त्या नखभर तुकड्यावर एक नट ठेवायचा, नटाच्या भोकातून दोघांना वितळवून जोडून टाकायचं, गार होऊ द्यायचं, आणि मग नटाला पाना लावून तो तुकडा फिरवायचा. मुखवटा एकच होता. "टॉर्च इथे धर," ती म्हणाली, "आणि डोळे गच्च मीट. अजिबात बघायचं नाही." म्हणजे उजेड दाखवायचं एकमेव काम माझ्याकडे, आणि तेही आंधळ्याने करायचं. मी मान फिरवून, डोळे मिटून, हात लांब करून उभा राहिलो. पापण्यांच्या आतूनही तो निळा-पांढरा लखलखाट कळत होता. कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज, आणि जळक्या धातूचा आंबट वास.

पहिला नट तुटून आला. दुसराही तुटून आला. दुपारचे दोन वाजले. जेवायच्या हाकांना उत्तर मिळेना तेव्हा वृंदा श्रीखंडाची वाटी आणि पुऱ्या घेऊन गराजमध्येच आली, आणि लेकीचे हात काळे म्हणून तिला उभ्याउभ्या भरवू लागली. एक घास, थोडं थांबणं, दुसरा घास. रेवा चावता चावता इंजिनाकडे बघत होती. मला त्या दोघींचा विलक्षण हेवा वाटला. एकीला काम येत होतं आणि दुसरीला भरवता येत होतं. माझ्या हातात टॉर्च होता, तोही दिवसाउजेडी.

तिसऱ्या वेळी लखलखाट थांबल्यावरही मी डोळे मिटूनच उभा राहिलो. खूप वेळ काही ऐकू आलं नाही, फक्त धातू निवताना होणारी बारीक कुरकुर. मग पाना लागल्याचा आवाज. मग एक बारीक किंकाळी, अनेक वर्षं न उघडलेल्या बिजागरीसारखी. आणि मग तीच किंकाळी पुन्हा, जरा लांब, जरा मोकळी. आता मात्र मी मनापासून म्हणत होतो, नीघ बाबा, नीघ. कुणाला म्हणत होतो? बोल्टला म्हणत असेन. "बाबा," रेवा म्हणाली, "उघड की डोळे. निघाला तो." तिच्या तळहातावर तो गंजलेला, वाकडा तुकडा होता, नट त्याच्या डोक्यावर बसलेला. मी तो मागून घेतला. अजून गरम होता.

हेडर बसवताना मला पाच मिनिटांचं खरं काम मिळालं. ट्रकखाली उताणं पडून, या खेपेस हातमोजे घालून, मी एक हेडर दोन्ही तळव्यांवर पेलून धरला आणि वरून ती बोल्ट हाताने फिरवत बसवत गेली. आधी मधले, मग त्यांच्या बाजूचे, मग टोकाचे. आधी सगळे सैल, मग त्याच क्रमाने सगळे थोडे थोडे आवळून. एकालाच आधी आवळून टाकलं तर बाकीचे कधी नीट बसत नाहीत, हे तिने वरून सांगितलं. माझे दंड थरथरत होते. "जड होतंय?" तिने विचारलं. मी नाही म्हणालो. खरं तर तिने आणखी जरा वेळ लावला असता तरी चाललं असतं.

पाच वाजता तिने किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकललं आणि लागलं. टिकटिक नव्हती. आम्ही दोघं बॉनेटखाली वाकून कान देऊन उभे राहिलो. एक खोल, भरीव, गोल आवाज होता, आणि त्यात कुठेही चीर नव्हती. हळूहळू पोलादाचा रंग बदलू लागला, पांढऱ्याचा वाळल्या गवतासारखा पिवळा, पिवळ्याचा सोनेरी, आणि तेवढ्यात तो वास आला. खोबरेल. तिने तास घालवून पुसलं होतं, तरी कुठेतरी राहिलंच होतं. डाव्या हेडरच्या शेवटच्या नळीवर, आतल्या वळणाला, जिथे तिचं फडकं पोचलं नव्हतं, तिथे सोनेरी धातूवर तपकिरी रंगात एक अंगठा उमटला. रेषा न् रेषा स्पष्ट, अगदी मधल्या भोवऱ्यासकट. विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झालेला इंजिनिअर, आणि लेकीच्या कामावर सही केली ती अंगठा उठवून.

"बाबा, हे तू केलंयस ना?"

"हो."

तिने इंजिन बंद केलं, ते निवेपर्यंत थांबली, स्पिरिटने घासून पाहिलं. तो हलला नाही. "बेक्ड इन," ती म्हणाली. "एनीवे, कुणाला दिसणार नाही तिथे." मी पुन्हा सॉरी म्हणालो. ती फडकं हातात तसंच धरून त्या डागाकडे बघत राहिली, नंतर आपला अंगठा हातमोज्यातून काढून त्याच्या शेजारी धरून पाहिला, आणि हात धुवायला निघून गेली.

रविवारी पहाटे, इंजिन पूर्ण गार असताना, तिने सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळले. पहिल्या तापण्यानंतर ते थोडे ढिले होतात. मग सामान, चिवडा, लाडू, रजई. कालचं सोनं वाटायचं राहूनच गेलं होतं. तिने रेडबडचं एक पान वृंदाला दिलं, एक मला दिलं, वाकून दोघांच्या पाया पडली आणि म्हणाली, "सोन्यासारखे राहा." बाकी पुष्कळ शब्द विसरलेल्या माझ्या मुलीला हे दोन शब्द कसे लक्षात राहिले असतील? मला 'जाऊ नकोस' म्हणायचं होतं आणि 'निर्धास्त जा' म्हणायचं होतं. दोन्ही घशाशी येऊन एकमेकांना आडवी आली. "पाचशे मैलांनी बोल्ट परत आवळ," मी म्हणालो. ती हो म्हणाली. ट्रक कोपऱ्यावर वळला, दिसेनासा झाला, तरी त्याचा तो गोल आवाज बराच वेळ ऐकू येत होता. मग तोही सकाळच्या इतर आवाजांत मिसळून गेला.

मंडळाच्या दिवाळी फराळाला एका काकूंनी विचारलंच, "रेवा काय करते सध्या?" मी म्हणालो, "मेकॅनिक आहे. मोंटानात बर्फ सारायच्या गाड्या दुरुस्त करते." "अगंबाई, एकटी?" म्हणून त्या थांबल्या असत्या, पण मी कुठला थांबतोय; सोळा बोल्टांची कथा त्यांना पहिल्यापासून ऐकवली, वेल्डिंगसकट. त्यांचा चहा गार झाला. रेवा तिथे असती तर संकोचून मला कोपर मारलं असतं. पण ती मागे उभी नव्हती, आणि जे वाक्य तिच्यासमोर बोलायला हवं होतं ते मी तिच्या पाठीमागे बोलत होतो.

फोन शनिवारी सकाळी येतो. मी प्रत्येक वेळी एकच विचारतो: टिकटिक येते का? गेल्या शनिवारी तिच्याकडे गुडघाभर बर्फ पडलं होतं. ती म्हणाली, "बाबा, तुझा अंगठा आता निळा झालाय. तापून तापून. परवा सगळ्यांना दाखवला मी शॉपमध्ये." सगळ्यांना म्हणजे कुणाला, ते काय म्हणाले, हे मला विचारायचं होतं. पण तोंडातून गेलं ते नेहमीचंच, "आणि टिकटिक?"

"थांब, तूच ऐक." दार लोटल्याचा आवाज आला, बर्फावर बुटांची करकर, बॉनेट उघडल्याची कुरकुर. रात्रभर बाहेर गारठलेलं इंजिन. "फोन जवळ धरतेय," ती म्हणाली. मी स्वयंपाकघरात उभा होतो, खिडकीबाहेर रेडबड पार निष्पर्ण झालेलं. कुणी सांगितलं नसताना मी डोळे गच्च मिटले. इंजिन लागलं. मी कान देऊन ऐकलं, पहिल्यांदा आवाज ऐकला आणि मग आवाजाच्या आत शोधत गेलो, एखादी बारीक चीर, एखादा ढिला राहिलेला बोल्ट, ज्यासाठी तिला मला 'काय करू' म्हणून विचारावं लागेल असं काहीतरी. कुठेही काही नव्हतं. बाराशे मैल, दोन हजार मैल, कितीही लांब असो, ते इंजिन अगदी एकसंध, निर्दोष चाललं होतं.

तिने ते बंद केलं. "आलं ऐकू?"

"नाही गं," मी म्हणालो. "पुन्हा लाव बघू."